‘येशूला हा अधिकार दिला कोणी?’ : वर्गात मुलाने विचारलं तर

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. शरणपूर रोड परिसरातल्या एका मंडळीत त्या रविवारच्या उपासनेनंतर नववी ते बारावीच्या मुलांचा बायबल अभ्यास घेतात. या महिन्यासाठी त्यांना प्रकटीकरण 3:7 हे वचन मिळालं: जो पवित्र, जो सत्य, ज्याच्याजवळ दावीदाची किल्ली आहे, ज्याने उघडलं की कोणी बंद करत नाही आणि ज्याने बंद केलं की कोणी उघडत नाही. पहिल्याच रविवारी अकरावीतल्या एका मुलाने विचारलं, “मी पवित्र आहे, सत्य आहे, हे येशू स्वतःच म्हणतो. मग आपण ते खरं का धरायचं? त्याला हा अधिकार दिला कोणी?” मोबाइलवर पाहिलेल्या एका व्हिडिओचा दाखला देऊन तो असंही म्हणाला, की सन 325 मध्ये निकेया शहरात भरलेल्या बिशपांच्या सभेत मतं टाकून येशूला देव ठरवण्यात आलं. ताईंनी “असले प्रश्न देवाच्या वचनाला विचारायचे नसतात” असं म्हणून विषय मिटवला. पुढच्या रविवारी तो मुलगा आला नाही. त्याच्या शेजारी बसणारे दोघेही आले नाहीत. ताई विचारतात: माझं चुकलं का? उत्तरं देत बसले तर बाकीच्या मुलांचा विश्वासही डळमळणार नाही का? की हा विषय सोडून सोपा उतारा घेऊ?

प्रिय ताई,

विषय सोडू नका. सोपा उतारा घेतलात तर मुलं एवढंच शिकतील, की अवघड वचन आलं की मोठी माणसं पान उलटतात.

तुमच्या पत्रामागे एक गृहीत आहे आणि ते आपल्या बऱ्याच घरांत मुरलेलं आहे: अधिकाराला प्रश्न विचारणं म्हणजे अधिकार नाकारणं. येशूच्या बाबतीत पवित्र शास्त्र असं सांगत नाही. योहान 8:13 उघडा. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचे लोक, येशूला म्हणतात, तू स्वतःविषयी साक्ष देतोस, तुझी साक्ष खरी नाही. तुमच्या विद्यार्थ्याचा आक्षेप तो हाच. त्याआधी योहान 5:31 मध्ये खुद्द येशू म्हणतो, की मी एकट्यानेच स्वतःविषयी साक्ष दिली तर ती साक्ष खरी धरली जाणार नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 19:15 प्रमाणे कुठलीही गोष्ट दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून शाबीत व्हावी लागते. तो नियम येशू मोडत नाही. पुढच्या सोळा ओव्यांत, म्हणजे वचनांत, तो साक्षीदार उभे करतो: बाप्तिस्मा करणारा योहान, त्याने स्वतः केलेली कामं, पिता आणि मोशेसह सगळा शास्त्रलेख. म्हणजे त्या मुलाने वचनाबाहेरचं काही विचारलेलं नाही. तो नेमका त्या जागी पोहोचला आहे, जिथून येशू बोलायला सुरुवात करतो.

तेव्हा चुकलं का, तर उत्तर देताना घाई झाली, आणि ती दुरुस्त करता येते. या आठवड्यात त्याची गाठ घ्या. घरी जाऊन आईवडिलांसमोर नको, आणि ग्रुपवर मेसेज टाकून तर नकोच. उपासनेच्या आधी आवारात पाच मिनिटं बोला. “तुझा प्रश्न चांगला होता, मी तो झटकला. तोच प्रश्न घेऊन आपण पुढचे रविवार बसणार आहोत.” इतकं पुरे. तिथल्या तिथे उत्तर देऊ नका, नाहीतर त्याला वर्गात येण्याचं कारणच उरणार नाही. शेजारच्या दोघांना वेगळं बोलवायची गरज नाही. तो आला की तेही येतील.

आता वचनाकडे. हे वचन शिकवताना सर्रास होणारी चूक अशी, की पवित्र, सत्य आणि अधिकार यांचे तीन गौरवपर शब्द करून प्रत्येकावर वीस वचनं वाचली जातात. मुलं पानं उलटून दमतात आणि हाती काही लागत नाही. किल्लीचं वाक्य मुळात यशयाच्या 22व्या अध्यायातलं आहे, आणि तो प्रसंग ठाऊक नसेल तर प्रकटीकरणातलं वचन अर्धंच कळतं. म्हणून सुरुवात तिथूनच करा. यशया 22:15 ते 25 आणि लगेच प्रकटीकरण 3:7 ते 13, दोन्ही मोठ्याने वाचून घ्या. एकूण अठरा ओव्या, पाच मिनिटांत होतात.

प्रसंग हिज्कीया राजाच्या काळातला, इसवी सनापूर्वी 700च्या आसपासचा. शेबना हा राजवाड्याचा कारभारी. राजाकडे कोण जाईल आणि कोण दारातूनच परत फिरेल, हे त्याच्या हातात. या माणसाने त्या जागेचा उपयोग काय केला? स्वतःसाठी उंचावर, खडकात कबर खोदून घेतली. देव त्याला पदावरून काढतो आणि हिल्कीयाचा मुलगा एल्याकीम याला बोलावतो. त्याला शेबनाचा झगा चढवतात, कमरपट्टा बांधतात आणि दावीद राजाच्या घराण्याची किल्ली खांद्यावर ठेवतात. खांद्यावर ठेवायची ती किल्ली, म्हणजे खिशात मावणारी नव्हे. हे मुलांना कल्पनेने पाहू द्या.

आणि 22व्या ओवीवर थांबू नका. बहुतेक जण तिथेच थांबतात, कारण किल्लीचं वाक्य तिथे आहे. पुढे वाचा. एल्याकीम भिंतीत घट्ट ठोकलेल्या खुंटीसारखा होईल, सगळं घराणं, वाट्यांपासून सुरयांपर्यंत सगळी भांडीकुंडी त्याच्यावर लटकतील. आणि 25व्या ओवीत खुंटी निखळते, तिच्यावरचा भार खाली येतो. बरेच अभ्यासक ही ओवी एल्याकीमलाच लावतात: चांगला कारभारी, तरी अखेर पेलू शकला नाही. म्हणजे एकाने किल्लीचा उपयोग स्वतःसाठी केला आणि दुसऱ्याला तिचा भार झेपला नाही. ती किल्ली प्रकटीकरणात येशूच्या हाती दिसते तेव्हा वाक्याची सुरुवात किल्लीने होत नाही. आधी ‘पवित्र’, मग ‘सत्य’, आणि त्यानंतर किल्ली. माझ्या मते सगळा अभ्यास या क्रमावर उभा करावा. किल्ली हाती असली म्हणून माणूस पवित्र ठरत नाही, हे शेबनावरून दिसतं. जो पवित्र आणि सत्य आहे त्याच्याच हाती ती सुरक्षित राहते. मुलाने ‘अधिकार दिला कोणी’ असं विचारलं, तर त्याच्या हाती ‘अधिकार कोणाच्या हाती असावा’ हा आणखी खोल प्रश्न ठेवा.

इथे एखादं मूल मत्तय 16:19 काढेल: पेत्राला राज्याच्या किल्ल्या दिल्या ना? कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्या त्याचा अर्थ वेगवेगळा लावतात हे सरळ सांगा. वर्गात दोन्हीकडची मुलं असतील तर वाद रंगवू नका. प्रकटीकरणात किल्ली ख्रिस्ताच्याच हाती आहे, यावर दोघांचंही एकमत आहे.

‘पवित्र’ या शब्दाला मात्र एक पूर्ण रविवार द्या. मुलांच्या मनात पवित्र म्हणजे लांबचं, हात लावायचं नाही असं. यशया 6 वाचा: सराफीम, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळचे देवदूत, ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणतात आणि यशया म्हणतो, हाय हाय, माझा नाश झाला, मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे. मग लूक 5:8 वाचा. जाळी फाटेपर्यंत मासे मिळाल्यावर पेत्र येशूच्या पायांवर पडतो आणि म्हणतो, प्रभू, माझ्यापासून जा, मी पापी मनुष्य आहे. मंदिरात यशयाला जे झालं तेच गालीलच्या सरोवरात, मासळीच्या होडीत पेत्राला झालं. येशूला ‘पवित्र’ म्हटलं म्हणजे निव्वळ सज्जन म्हटलं असं नव्हे, हे या दोन उताऱ्यांवरून मुलांना स्वतःच दिसतं. प्रकटीकरण 6:10 मध्ये हुतात्मे देवाला हाक मारतात, तेव्हाही ‘पवित्र व सत्य’ हीच जोडी येते. देवाचं जे वर्णन, तेच तीन अध्याय आधी येशू स्वतःसाठी वापरतो.

यानंतर हाग्गय 2:11 ते 14 वाचा. हा उतारा फारसा कोणी वाचत नाही. याजकांना विचारलं जातं: पवित्र मांस पदरात बांधलं आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? नाही. आणि प्रेताला शिवलेला माणूस तिला शिवला तर ती अशुद्ध होते का? होते. थोडक्यात, नियमशास्त्रात विटाळ स्पर्शाने पसरतो, पावित्र्य पसरत नाही. आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याचा हिशेबही असाच चालायचा. आता मार्क 1:40 ते 42. कुष्ठरोगी येतो, येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. हिशेबाप्रमाणे येशू अशुद्ध व्हायला हवा. होतो कुष्ठरोगी शुद्ध. मार्क 5 मध्ये बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई गर्दीतून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते, तिथेही उलटाच प्रवाह. या ठिकाणी मुलांना पाच मिनिटं गप्प बसून उतारा पुन्हा वाचू द्या, स्पष्टीकरण देऊ नका.

याच जागी लक्ष्मीबाई टिळकांचं नाव घ्या, त्या तुमच्या भागातल्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांचं अतिशय कडक सोवळं पाहत त्या वाढल्या. पती नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. मधल्या काळात शिवाशिवीचा प्रश्न त्यांना स्वतःच्या मनात सोडवावा लागला. प्रश्न विचारले की विश्वास जातो, ही तुमची भीती ज्या मंडळ्यांच्या इतिहासात लक्ष्मीबाई आहेत त्यांना लागू पडत नाही.

‘सत्य’साठी योहान 18:28 ते 38 घ्या. येशू रोमी सुभेदार पिलातासमोर उभा आहे आणि सांगतो, की सत्याविषयी साक्ष देण्यासाठी मी जन्मलो. पिलात विचारतो, सत्य काय आहे? आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर निघून जातो. मुलांना विचारा: आपल्याविषयी मोठा दावा करणाऱ्याला त्यातून काय मिळतं? पैसा, मान, माणसं. इथे हातात बेड्या आहेत. मार्क 14:61 ते 64 मध्ये ‘तू ख्रिस्त आहेस काय’ याला ‘मी आहे’ असं उत्तर दिलं आणि त्याच उत्तरावर मरणदंड ठरला. एवढ्याने दावा खरा ठरतो असं नाही, चुकीच्या समजुतीपायीही माणसं मरतात. पण स्वतःचा मोठेपणा मिरवायला तो असं बोलला, हा आक्षेप इथे गळून पडतो. हे दोन्ही तसंच, कमीजास्त न करता सांगा. मुलं प्रामाणिक मांडणीवर जितका विश्वास ठेवतात तितका जोरदार मांडणीवर ठेवत नाहीत.

या रविवारी एक गोष्ट हातात द्या. जाड कागदाचा नऊ बाय सहा सेंटिमीटरचा तुकडा कापा. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा जवळपास एवढाच फाटका तुकडा आहे, इजिप्तमधून आलेला आणि 1935 मध्ये प्रसिद्ध झालेला. त्याच्या एका बाजूला योहान 18:31 ते 33 मधले शब्द आहेत, दुसऱ्या बाजूला 37 आणि 38 मधले, म्हणजे पिलातासमोरचं हेच बोलणं. बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला मानतात, काही जण थोडा नंतरचा. त्याचा फोटो मोबाइलवर दाखवा आणि कागद हातोहात फिरवा.

इथून निकेयाच्या प्रश्नावर यायला सोपं जातं. सन 325 ची सभा झाली, तिथे वाद झाला आणि निर्णयही झाला, हे खरं आहे. पण वाद ‘येशू माणूस की देव’ असा नव्हताच. एरियस हा अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू म्हणत होता, की पुत्र सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण पित्याने निर्माण केलेला आहे. सभेने ठरवलं, की पुत्र निर्माण केलेला नाही, त्याचं आणि पित्याचं तत्त्व एकच आहे. येशूला साधा माणूस समजणारा पक्ष त्या वादात उभाच नव्हता. आणि त्याच्या दोनशे वर्षं आधी, सन 112च्या सुमारास, रोमी अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजानला लिहितो, की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र गातात. प्लिनी स्वतः ख्रिस्ती नव्हता, तो त्यांच्यावर खटले चालवत होता. त्याहून जुनं पौल प्रेषिताचं फिलिप्पैकरांस पत्र, पहिल्या शतकाच्या मध्यातलं. यशया 45:23 मध्ये ‘प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल’ असं देव म्हणतो. ते शब्द पौल तिथे येशूला लावतो (2:10 आणि 11). एवढ्याने व्हिडिओतला दावा टिकत नाही. मात्र मुलाला हेही सांगा, की यातून सिद्ध होतं ते पहिल्या विश्वासणाऱ्यांनी काय मानलं एवढंच. ते मानणं खरं होतं का, याचा निर्णय इतिहासाचं पुस्तक देत नाही. त्यासाठी योहान 5 मधले साक्षीदार तोलावे लागतात.

शेवटचा रविवार अधिकाराचा. मार्क 2:1 ते 12 आधी. चार जण छप्पर उकलून पक्षघाती माणसाला खाली सोडतात आणि येशू म्हणतो, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. शास्त्री मनात म्हणतात, देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकतो? त्यांचं हे म्हणणं बरोबरच आहे, ते मुलांसमोर खोडू नका. येशूही खोडत नाही. क्षमा झाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दिसेल अशी गोष्ट तो करतो आणि माणूस बाज उचलून चालू लागतो. मग योहान 13:3 ते 5 वाचा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे जाणून येशू भोजनावरून उठतो, आणि पुढच्या ओळीत त्या हातांत टॉवेल आणि घंगाळ असतं. शेबनाची कबर आणि हे घंगाळ फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

मार्क 11:27 ते 33 वापरताना जपा. मुख्य याजक विचारतात, हे तू कोणत्या अधिकाराने करतोस? येशू उलट प्रश्न करतो आणि शेवटी सांगत नाही. हा उतारा मुलांना गप्प करायला फार वेळा वापरला गेला आहे. नीट वाचा: ते आपसात खरं काय याचा विचारच करत नाहीत, काय बोललं तर आपण अडकू याचा करतात. ज्याला उत्तर हवं आहे त्याला येशूने दार लावलेलं नाही. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून ‘येणारा तो तूच का’ असं विचारतो तेव्हा त्याला सरळ उत्तर मिळतं (मत्तय 11:2 ते 6).

काही वचनं मुलं मोबाइलवर शोधून आणतीलच: ‘मला उत्तम का म्हणतोस’ (मार्क 10:18), ‘त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही’ (मार्क 13:32), ‘पुत्राला स्वतः होऊन काही करता येत नाही’ (योहान 5:19). लपवू नका, तुम्हीच आधी काढा. तिसऱ्या वचनात तर मुलाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आहे. येशूने अधिकार बळकावलेला नाही, पित्याकडून तो त्याला मिळाला आहे आणि पित्याच्या आज्ञेत राहूनच येशू तो चालवतो. उरलेल्या दोन वचनांवर उत्तर सुचलं नाही तर वहीत लिहून घ्या आणि पुढच्या रविवारी त्या वचनांनीच सुरुवात करा.

राहिलं उघडलेलं दार: ‘पाहा, मी तुझ्यापुढे दार उघडून ठेवलं आहे’ (3:8). परीक्षा, नोकरी, व्हिसा यांसाठी हे वचन लोक घरोघरी लावतात. नाशिकरोडच्या बाल येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत माणसं आपापली मागणी घेऊन येतात, तसं मागण्यात गैर काही नाही. पण ज्या मंडळीला हे पत्र लिहिलं त्या फिलदेल्फियाच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्राचीन शहराच्या) मंडळीला हे वचन मिळालं तेव्हा तिची ‘शक्ती थोडी’ होती (3:8) आणि सभास्थानाचं दार तिला बंद झालं होतं. तिच्यासाठी उघडलेलं दार म्हणजे मुख्यतः दावीदाच्या राज्यात प्रवेश, आणि सुवार्तेची संधी हा दुसरा अर्थ. मुलाला नापास झाल्यावर ‘येशूने दार बंद केलं’ असं वाटायला नको, म्हणून हे आधीच स्पष्ट करा. 3:9 मधले यहूद्यांविषयीचे कठोर शब्द एका गावातल्या भांडणातले आहेत. लिहिणारा योहान यहूदी होता आणि येशूही, हे त्याच श्वासात सांगा, कारण या ओवीचा आधार घेऊन यहूदी लोकांवर पुढे फार अन्याय झाला आहे.

असे चार रविवार, प्रत्येकी पंचेचाळीस मिनिटं. त्यांतली निम्मी वाचनाला आणि मुलांच्या बोलण्याला ठेवा. सुरू करण्याआधी पाळकसाहेबांना उताऱ्यांची यादी दाखवा आणि निकेयाचा प्रश्न वर्गात येणार आहे हे सांगून ठेवा, म्हणजे एखाद्या पालकाचा फोन आला तर त्यांना तुमच्या बाजूने बोलता येईल.